लोकांची आरोग्यविषयक माहिती गोळा करताय? शिबिरवाले, दवाखाने आणि सोसायट्या वारंवार विचारतात ते प्रश्न

गणपती जवळ आले की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचं रक्तदान शिबिर, कुणाची मोफत साखर तपासणी, कुठल्या सोसायटीला ज्येष्ठांच्या आजारांची यादी करायची असते. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. मी वकील आहे, पण इथलं उत्तर म्हणजे तुमच्या प्रकरणावरचा सल्ला नव्हे. नोटीस आली असेल तर कागद घेऊन वकिलाकडे जा.

आमचं साधं मंडळ आहे. नफा नाही, फी नाही. आम्हाला कसला कायदा?

लागू होतो, फक्त कोणता आणि कधी हे पाहावं लागतं.

आज चालू आहेत ते माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३-अ आणि त्याखालचे एप्रिल २०११ चे नियम. त्यात शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी आणि पूर्वेतिहास हे सगळं ‘संवेदनशील वैयक्तिक माहिती’त मोडतं. बंधन मात्र धंदा किंवा व्यवसाय करणाऱ्यांवर आहे: कंपनी, भागीदारी फर्म, एकट्याचा दवाखाना, लॅब. फुकट शिबिर घेणारं मंडळ त्यात सहसा येत नाही. तुमच्याकडे रक्त तपासायला आलेली लॅब मात्र येते.

दुसरा, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अंगावर येतील. या कायद्यात ‘व्यक्ती’ म्हणजे माणसांचा कुठलाही गट, नोंदणी झालेला असो वा नसो. तेव्हा मंडळ आलं, महिला बचत गट आला, सोसायटी तर आलीच.

म्हणजे मे २०२७ पर्यंत मोकळं रान?

दवाखाना, लॅब आणि कंपनीला अजिबात नाही, त्यांच्यावर २०११ चे नियम आजही आहेत. राहिलं मंडळ. नवा कायदा लागू होण्याआधी संमतीने घेतलेली माहिती तुम्ही पुढे वापरत राहिलात, तर त्या प्रत्येक माणसाला शक्य तितक्या लवकर सूचना द्यावी लागेल: तुमची ही माहिती आमच्याकडे आहे, या कामासाठी आहे, नको असेल तर असं कळवा. चार वर्षांच्या शिबिरांची एक्सेल शीट जपून ठेवलेल्यांनी आत्ताच ठरवावं, ती शीट खरंच लागते का.

आम्ही कागदी वही ठेवतो. मग तर कायद्याचा संबंधच नाही ना?

वही वहीच राहिली तर नव्या कायद्यात ती येत नाही. पण वही कधी वहीच राहते का? संध्याकाळी कुणीतरी उत्साही कार्यकर्ता पानांचे फोटो काढतो, दुसरा ते टाइप करतो. ज्या क्षणी कागदावरची माहिती डिजिटल झाली, त्या क्षणी ती कायद्याच्या कक्षेत आली.

आणि कायदा बाजूला ठेवून ती वही एकदा नीट बघा. मी पाहिलेली सांगते. मांडवाबाहेर टेबल, त्यावर लांबडी हजेरीची वही, रकाने आखलेले: नाव, वय, मोबाइल, बीपी, शुगर, ‘इतर आजार’. रांगेतल्या प्रत्येकाने स्वतःची ओळ स्वतः लिहायची. एक बाई पेन हातात घेऊन थांबल्या. वरच्याच ओळीत शेजारच्या काकांनी ‘मूळव्याध’ लिहिलेलं. बाईंनी ते वाचलं, मागे वळून पाहिलं, तर मागे त्यांचेच व्याही. ‘इतर आजार’मध्ये त्यांनी एक आडवी रेघ ओढली. दोन वर्षं त्या थायरॉइडची गोळी घेत होत्या.

म्हणजे गुपित तर उघडं पडलंच आणि डॉक्टरांना मिळालेली माहितीही खोटी. माणशी एक चिठ्ठी ठेवा. टेबलावर टोकन नंबर, चिठ्ठी थेट डॉक्टरांच्या हातात. वहीत फक्त टोकन आणि वेळ. खर्च एका रिमचा.

संमती म्हणजे खाली एक सही घेतली की झालं?

सही लागतेच असं नाही आणि सही असली म्हणजे संमती असतेच असंही नाही.

२०११ चे नियम लेखी संमती मागतात. पत्र, फॅक्स किंवा ईमेल. (फॅक्स! नियम कुठल्या काळातले ते यावरून कळावं.) माहिती घेतली जातेय, कशासाठी घेतली जातेय, कुणाला दिली जाणार आणि कोण सांभाळणार, हे माणसाला कळलं पाहिजे. नंतर संमती मागे घेता आली पाहिजे.

२०२३ चा कायदा आणखी कडक आहे. संमती मोकळ्या मनाने, ठरावीक कामापुरती, समजून-उमजून, अटीविना आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. आधीच टिक केलेली चौकट चालणार नाही. ‘फॉर्म भरला म्हणजे सगळ्याला संमती’ हेही चालणार नाही. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी माणसाला हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे, तेव्हा मराठी मागण्याचा हक्क आहे. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही.

कायद्यात एक उदाहरण दिलंय ते मला फार आवडतं. एक बाई दूरवैद्यकीय सल्ल्याचं ॲप घेते. ॲप दोन गोष्टींना संमती मागतं: उपचारासाठी तिची माहिती आणि फोनमधली नाव-नंबरांची यादी. ती दोन्हीला ‘हो’ म्हणते. कायदा म्हणतो, डॉक्टरशी बोलायला फोनमधली यादी लागत नाही, तेव्हा तिचं ‘हो’ फक्त पहिल्या गोष्टीपुरतंच धरायचं.

मजकूर कसा लिहू? नमुना द्या.

एका पानाचं बाड लिहू नका, कुणी वाचत नाही. शिबिरासाठी एवढं पुरतं:

‘आज मी रक्तदाब व रक्तातली साखर तपासून घेत आहे. माझं नाव, वय, मोबाइल नंबर आणि तपासणीचा निकाल हे मंडळ फक्त मला निकाल कळवण्यासाठी आणि गरज असल्यास पुन्हा तपासणीला बोलावण्यासाठी ठेवेल. माहिती तपासणाऱ्या डॉक्टरांशिवाय कुणाला दिली जाणार नाही. तीन महिन्यांनी ती नष्ट केली जाईल. त्याआधी काढून टाकायची असेल तर या नंबरवर कळवेन. मोबाइल नंबर दिला नाही तरी माझी तपासणी होईल.’

नवा कायदा लागू झाला की त्यात ‘तक्रार डेटा संरक्षण मंडळाकडे कशी करता येईल’ ही ओळ वाढवा. (हे मंडळ केंद्र सरकारचं, गणपतीचं नव्हे.)

नमुन्यातलं शेवटचं वाक्य लिहायला आयोजक कां कू करतात. नंबर मिळाला नाही तर पुढच्या वर्षी शिबिराचे मेसेज कसे पाठवणार? ते वेगळं काम आहे. त्याला वेगळी चौकट, वेगळी संमती. औषधाच्या दुकानात पावती मोबाइलवर यावी म्हणून दिलेला नंबर पावतीपुरताच, असं उदाहरणही कायद्यातच आहे.

नव्या कायद्यात आरोग्याच्या माहितीला जास्त संरक्षण आहे ना?

सगळ्यांना असंच वाटतं, पण नाही. २०११ च्या नियमांत ‘संवेदनशील’ असा वेगळा वर्ग होता, २०२३ च्या कायद्याने तो ठेवला नाही. तुमचा पत्ता आणि तुमचा कर्करोगाचा अहवाल कायद्याच्या नजरेत सारखेच.

मला आणखी एक गोष्ट खटकते. नवा कायदा पूर्ण लागू झाला की कलम ४३-अ जाणार. त्या कलमाखाली निष्काळजीपणाने माहिती फुटली तर नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येते. ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. नव्या कायद्यातला दंड मोठा आहे, सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत, पण तो जातो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या तिजोरीत. ज्याची फाइल गावभर झाली त्याच्या हातात त्यातला रुपया पडत नाही.

कधी संमतीशिवाय माहिती घेता येते?

जिवावर बेतलं असेल तेव्हा. रस्त्यात अपघात झालेल्या माणसाचा रक्तगट आणि ॲलर्जी शोधताना कुणी सही मागत बसत नाही, आणि नव्या कायद्याने तशी स्पष्ट मुभा दिली आहे. साथीच्या काळात उपचारासाठीही मुभा आहे. साथीचा मूळ कायदा १८९७ चा, मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळचा. त्या वेळी घराघरांत शिरून झालेल्या तपासण्यांनी पुणं किती संतापलं होतं हे आपल्याकडे शाळेत शिकवतात.

शिवाय काही ठिकाणी माहिती देणं कायद्यानेच सक्तीचं आहे. क्षयरोग २०१२ पासून कळवण्याजोगा आजार आहे. खासगी डॉक्टरांनीही रुग्णाची नोंद सरकारकडे करायची, ती क्षयरोगाच्या नि-क्षय या सरकारी पोर्टलवर होते. पण ‘सरकारला कळवा’ याचा अर्थ सरपंचांना, सोसायटीच्या अध्यक्षांना किंवा रुग्णाच्या मालकाला कळवा असा होत नाही. हे मला दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगावं लागतं.

सोनोग्राफीचा फॉर्म ‘एफ’ भरायला पेशंट नाही म्हणाली तर?

तर सोनोग्राफी करता येत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यात गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला तो फॉर्म लागतो. तो अर्धवट भरला तर कायदा उल्लंघन झालंच असं धरून चालतो, आणि उलट सिद्ध करायचं ओझं डॉक्टरवर. ‘ही कारकुनी चूक आहे’ हा बचाव २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. नोंदी दोन वर्षं जपायच्या, कोर्टात केस असेल तर ती संपेपर्यंत.

फॉर्ममध्ये एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांचे रकाने ठेवू का?

शिबिराच्या फॉर्ममध्ये? ठेवू नका.

एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कोर्टाचा आदेश नसेल तर कुणालाही स्वतःची स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. विश्वासाने कळलेली दुसऱ्याची स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय सांगता येत नाही. चाचणीलाही समजून घेऊन दिलेली संमती लागते. नोकरी देण्याआधी चाचणीची अट घालणं हा भेदभाव ठरतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदाही २०१७ चाच. उपचार घेणाऱ्याची माहिती किंवा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, आणि हे डिजिटल नोंदींनाही लागू आहे.

गर्भपाताच्या नोंदींची व्यवस्था मात्र बाकी सगळ्यांनी शिकावी अशी आहे. बाईचं नाव फक्त दाखल नोंदवहीत. केसपेपर, ऑपरेशन थिएटरची वही, पुढच्या तपासणीचं कार्ड, सगळीकडे फक्त अनुक्रमांक. ती नोंदवही गोपनीय, पाच वर्षं जपायची. डॉक्टरने अधिकार नसलेल्याला नाव सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सोखाली (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीची आणि पालकांची विनंती असेल तर डॉक्टरने तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं. संगणक नव्हते तेव्हा नुसत्या कागद-पेन्सिलीवर ही पद्धत उभी राहिली.

आशाताई घरी येऊन दारू-तंबाखूचं विचारतात. त्यांना अधिकार आहे का?

तिशीपुढच्या सगळ्यांची जोखीम तपासायचा तो सरकारी फॉर्म आहे: तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर. सरकारी योजनेसाठी माहिती घ्यायला नव्या कायद्यात सवलत आहे, पण काळजी घ्यायची जबाबदारी तिथेही सुटत नाही. तुम्ही उत्तर दिलं नाही म्हणून आशाताई तुमचं काही वाकडं करू शकत नाहीत.

अडचण जागेची असते. ओसरीवर सासूबाई सुपात तांदूळ निवडत बसलेल्या आणि सुनेला विचारायचं, ‘पाळीव्यतिरिक्त रक्त जातं का?’ सून मान हलवते, फॉर्मवर ‘नाही’ पडतं. माझ्या ओळखीच्या एक आशाताई अशा वेळी ‘जरा विहिरीपर्यंत चल गं’ म्हणतात आणि वाटेत फॉर्म भरतात. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

मुलांची शाळेत तपासणी असेल तर?

नव्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल. पालकांची पडताळता येणारी संमती हवी. डॉक्टर व रुग्णालयांना सूट आहे, पण मुलाच्या आरोग्यासाठी गरजेचं असेल तितपतच. शाळेने आधी घरी चिठ्ठी पाठवावी. आणि ‘दात किडलेले’, ‘वजन जास्त’ असे शेरे वर्गात मोठ्याने वाचायचे नाहीत. कायदा राहू द्या, त्या पोराचं पुढचं वर्ष आठवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकली तर चालेल? कार्यकर्ते आमचेच आहेत.

नाही. एका सोसायटीत ज्येष्ठांच्या मदतीसाठी यादी केली होती, हेतू शंभर टक्के चांगला: फ्लॅट नंबर, नाव, आजार, चालू औषधं. ती समितीच्या ग्रुपवर पडली, तिथून सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर, आणि आठवड्याभरात एका आजोबांना गुडघ्याच्या तेलाचा विक्रेता नावानिशी फोन करू लागला. कुणी पुढे पाठवलं? ग्रुपमध्ये १८० माणसं होती. ती यादी माझ्याच सल्ल्याने केली होती. कुठे ठेवायची हे सांगायला मी विसरले होते.

यादी एकाच ठिकाणी, पासवर्डमागे, दोघांच्याच हातात. गूगल फॉर्म वापरत असाल तर उत्तरांचा सारांश इतरांना दिसण्याची सोय बंद आहे ना, ते बघा.

शिबिराचे फोटो?

पाहुण्यांचे, मांडवाचे, रांगेचे लांबून. डॉक्टरांपुढे बाही वर करून बसलेल्या आजींचा बॅनरवर नको. डॉक्टरांना तर २००२ च्या आचारसंहितेनेच, ओळख पटेल असा रुग्णाचा फोटो परवानगीशिवाय छापायला मनाई आहे.

आधारची झेरॉक्स घ्यावी का?

कशाला? बीपी मोजायला आधार लागत नाही. आरोग्याच्या नोंदींसाठीचा १४ अंकी सरकारी आभा क्रमांक काढणंही ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून तपासणी नाकारू नका.

रुग्णाने स्वतःची फाइल मागितली तर द्यावी लागते?

लागते. डॉक्टरांच्या २००२ च्या त्याच आचारसंहितेप्रमाणे आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या. झेरॉक्सचा खर्च घ्या. ‘फाइल हॉस्पिटलची मालमत्ता आहे’ हे काउंटरवरचं पेटंट वाक्य आहे, पण मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच रुग्णाला कागद मिळाले पाहिजेत हे स्पष्ट केलं होतं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

आईचे रिपोर्ट मी माझ्या फोनमध्ये ठेवते. मलाही हे सगळं?

नाही. घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला नवा कायदा लागू नाही.

ॲपवर ‘हिपा’ प्रमाणित असं लिहिलंय. मग सुरक्षित ना?

हिपा हा अमेरिकेचा १९९६ चा कायदा. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी रुग्णालयांची बिलं नि नोंदी हाताळणाऱ्या कंपन्यांना तो करारामुळे पाळावा लागतो. तुमच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या ॲपचा त्याच्याशी संबंध नाही. जर्मनीतल्या मराठी मंडळाने शिबिर घेतलं तर मात्र त्यांना युरोपचा डेटा संरक्षण कायदा, जीडीपीआर, पाहावा लागेल, आणि तिथे आरोग्याची माहिती आजही वेगळ्या, जास्त जपायच्या वर्गात आहे.

मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. प्रबंधासाठी शंभर महिलांची माहिती हवी आहे.

आधी कॉलेजच्या नीतिसमितीची मंजुरी, मग पहिला फॉर्म. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. संशोधनाला नव्या कायद्यात सूट आहे, पण त्या माहितीवरून कुणा एका बाईबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे. नावांऐवजी संकेतांक वापरा. संकेतांक कुणाचा ते सांगणारा कागद मार्गदर्शकांच्या कपाटात, तुमच्या बॅगेत नको.

लॅपटॉप चोरीला गेला. आता?

लपवू नका. सायबर घटना सहा तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) कळवायची, असा कंपन्या आणि सेवा देणाऱ्यांसाठी २०२२ पासून नियम आहे. नवा कायदा लागू झाला की ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत. न कळवल्याचा दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. चूक किती गंभीर हे पाहून आकडा ठरतो, त्यामुळे गल्लीतल्या मंडळावर एवढा बसेल असं मला वाटत नाही.

जुन्या वह्या, चिठ्ठ्या, फॉर्म यांचं काय करायचं?

रद्दीत देऊ नका. एकदा एसटी स्टँडबाहेर मी दहा रुपयांचे खारे शेंगदाणे घेतले. दाणे संपल्यावर पुडी उलगडली, तर तो एका लॅबचा रिपोर्ट: पूर्ण नाव, वय ५४, उपाशीपोटी साखर, जेवणानंतरची साखर, खाली डॉक्टरची सही. तालुक्याचं गाव ते, दोन माणसांना विचारलं असतं तर घर सापडलं असतं.

कायद्याने ठेवायच्या नोंदी ठरलेली मुदत संपेपर्यंत कुलपात ठेवा. बाकीचे कागद फाडून, भिजवून लगदा करा किंवा कटर मशीनमधून काढा. फोनमधले फोटो, ईमेलमधली शीट, पेन ड्राइव्ह हेही आठवून साफ करा. काय नष्ट केलं, कुठल्या तारखेला आणि कुणासमोर, एवढी एक ओळ मंडळाच्या इतिवृत्तात लिहा. तिथे कुणा रुग्णाचं नाव लागत नाही.